अडत्या सापडत नाही

१५ मार्च २०२५, शनिवार. त्या दिवशी नागपूरच्या नंदनवन वस्तीत वामनराव झाडे यांच्या बैठकीत ४१,९९० रुपयांचा एसी बसला. पैसे धाकट्या जावयाने, रोहित बुटेने दिले. थोरला जावई सुशील भोयर त्या वेळी स्टूल धरून उभा होता, कारण स्टूल डगमगत होते आणि वर चढलेल्या मेकॅनिकला कोणीतरी आधार द्यायला हवा होता.

गेली वीस वर्षे या घरचा उन्हाळा सुशीलच्या हातात होता. मार्चअखेरच्या एखाद्या रविवारी तो यायचा, माळ्यावरचा कूलर उतरवायचा, टाकी घासायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या बांधायचा आणि खिडकीत कूलर बसवून पहिली थंड हवा सासऱ्यांच्या अंगावर सोडायचा. वामनराव डोळे मिटून म्हणायचे, "जमलं गा जवाईबापू!" या एका वाक्यावर सुशीलचा अख्खा मे महिना निघायचा.

"यंदापासून तुमचा तरास वाचला, जवाईबापू," वामनराव आता म्हणाले. "तो डब्बा भंगारवाल्याले देऊन टाकू."

"टाका देऊन," सुशील म्हणाला. हसून त्याने स्टूलवरची पकड घट्ट केली.

त्यातून रोहितने अजिबात मिरवले नाही. मिरवले असते तर सोपे गेले असते. घरी जाताना बायकोजवळ चार शब्द बोलता आले असते. रोहित उलट म्हणाला, "दादा होते म्हणून भिंतीतलं भोक सरळ पडलं." आणि मग त्याने आपल्या दहा वर्षांच्या आदित्यला पुढे केले. "मोठ्या बाबांना दाखव तुझं मेडल." गणिताच्या परीक्षेत त्याला महिन्याभरात दुसरे पदक मिळाले होते. सुशीलने ते हातात घेऊन वजन केल्यासारखे पाहिले आणि परत दिले. त्याची स्वतःची मुलगी मोनाली अमरावतीला शिकत होती. पोरगी गुणाची होती, पण तिचे गुण गळ्यात घालून दाखवता येण्यासारखे नव्हते.

घरच्या ग्रुपवर आदित्यचे कौतुक करायची पाळी आठवड्यातून दोनदा तरी यायची. आदित्य धावला, आदित्य बोलला, आदित्यने चित्र काढले. प्रत्येक वेळी 'शाब्बास आदित्य' लिहायचे काम कामिनी नवऱ्याकडून करवून घ्यायची. "लिहा ना, वैभवी वाट पाहत असते," असे ती म्हणायची. वैभवी तिची धाकटी बहीण, रोहितची बायको.

त्याच दिवशी आधी, भिंतीत ड्रिल घरघरत असताना, सुशीलच्या मालकांचा, देवराव पोहाणे यांचा फोन आला होता. "सुशीलभाऊ, अडतीचा हिशोब जोडाचा राहिला का?" सुशील म्हणाला, "नाव टाकायचं तेवढं राहिलं. आत्ता फोनवरून टाकतो." एका हाताने स्टूल धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने कंपनीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांत एक नाव टाइप केले आणि जतन केले. अर्ध्या मिनिटाचे काम. थोड्या वेळाने वर एसीतून गार हवा सुरू झाली. वामनरावांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा, रोहितराव!"

सुशील भोयर सत्तेचाळीस वर्षांचा. मूळचा कुही तालुक्यातला. शहरात येऊन बी.कॉम. झाला आणि एकविसाव्या वर्षी कळमन्याच्या बाजारात एका अडत्याच्या दुकानी दिवाणजी म्हणून लागला. शेतकऱ्याचा माल बाजारात विकून देतो आणि त्याबद्दल अडत घेतो तो अडत्या. गाडी आली की पोती मोजायची, काट्यावरचा आकडा लिहायचा, त्यातून हमाली, तोलाई, अडत वजा करायची. शेतकऱ्याच्या हातात द्यायची ही हिशोबाची पट्टी सुशीलकडून कधी चुकली नाही. दुकानात संगणक आला तेव्हा बाकीचे त्याला हात लावायला भ्यायचे. सुशील रोज दुपारी डबा खाऊन झाला की त्याच्यासमोर बसायचा. बाराशे रुपयांचे एक जाडजूड पुस्तक घेऊन तो प्रोग्राम लिहायला शिकला. इंजिनिअरिंगचा कागद त्याच्याजवळ कधीच नव्हता.

तो नऊ वर्षांपासून मनीषनगरात देवरावांच्या लहानशा कंपनीत होता. विदर्भातल्या बाजार समित्यांमधून रोजचे भाव आणि वजने गोळा करून व्यापाऱ्यांना हंगामाचा अहवाल देणे हे कंपनीचे काम. दहा वर्षांच्या कोट्यवधी नोंदी. एका संगणकाला त्या चाळायला अख्खा दिवस नि रात्र लागते, म्हणून काम पाच भाड्याच्या संगणकांवर वाटून द्यायचे. ते संगणक सुशीलने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, मुंबईकडे कुठेतरी आहेत एवढेच ठाऊक होते. पण त्यांच्यावर चालणारी प्रत्येक ओळ त्याची होती. हमालीची रीत वेगळी, तोलाईची वेगळी, अडतीची वेगळी. अशा एकेका रीतीला प्रोग्रामच्या भाषेत क्लास म्हणतात. प्रत्येक क्लासला नाव असते. नावाने हाक मारली की तो हजर झाला पाहिजे. सुशीलने अडतीच्या रीतीचे नाव ठेवले होते अडत्याहिशोब. ते नाव टाइप करताना त्याला कळमन्याची ती जुनी गादी आठवायची.

रोहितचा धंदाही हाच, पण इयत्ता फार वरची. तो पुण्याच्या मोठ्या कंपनीत होता. दोन वर्षांपूर्वी नागपूरला परतला आणि आता घरी बसून काम करायचा. सुशीलकडे पाच संगणक तर रोहितकडे पाचशे. त्याचा पगार किती हे सुशीलने कधी विचारले नाही, पण मनातल्या मनात तो आकडा इतक्या वेळा मांडला होता की पाठ झाला होता.

सोमवारी, सतरा तारखेला, सुशीलने हंगामाचे काम सुरू केले. आपल्या टेबलावरच्या संगणकावर थोड्या नोंदी घेऊन त्याने आधीच चालवून पाहिले होते. सगळे ठाकठीक होते. मग त्याने काम पाच संगणकांवर सोडले आणि दोन मिनिटांत ते कोसळले. पडद्यावर लाल अक्षरांत लांबलचक मजकूर आला. सुशीलने वाचले : क्लास सापडला नाही, अडत्याहिशोब.

हा रोग त्याच्या ओळखीचा होता. पाच दुकानांत पाच दिवाणजी बसवले, कामे वाटून दिली आणि 'अडत अमक्या कागदाप्रमाणे घ्या' असे सांगितले. पण तो कागद राहिला आपल्याच कपाटात, तर ते काय करतील? मंगळवारी त्याने सगळे क्लास एका गठ्ठ्यात बांधून पाचही संगणकांवर पाठवले. पुन्हा तीच लाल अक्षरे. बुधवारी वाटले, एखाद्या संगणकावर जुना गठ्ठा राहिला असेल. पाचही एकेक करून तपासले; सगळीकडे नवाच होता. गुरुवारी सगळे पुसून पहिल्यापासून बांधले. शुक्रवारी त्याने गठ्ठा उघडून आतल्या नावांची यादीच कागदावर छापून घेतली. अडत्याहिशोब तिथे होता. त्याने पेन्सिलने त्याच्याखाली रेघ मारली. क्लास पेटीत आहे आणि यंत्र म्हणते नाही!

त्याच्या टेबलावरच्या संगणकावर मात्र काम निमूट चालत होते. हे सगळ्यांत जिव्हारी लागणारे होते. घरात शहाणे आणि चारचौघांत वेडेपणा करणारे पोर असते तसे.

शनिवारी देवराव त्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "भाऊ, सोमवारी अकरा वाजता अहवाल नाही गेला तर व्यापाऱ्यांची संघटना हे काम पुण्याच्या कंपनीले देणार. तसं त्यांनी तोंडावर सांगितलं मले. अन् हे काम गेलं तर..." त्या कामावरच सुशीलची खुर्ची होती. मग ते म्हणाले, "तुमचे साडू याच लाइनमध्ये आहेत ना गा? त्याईले विचारा की."

"ते बिझी असतात," सुशील म्हणाला.

घरी हुडकेश्वरला पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बँकेचे कर्ज मागायला जाणे परवडले, पण रोहितपुढे जाऊन 'मला जमत नाही' म्हणायचे? उन्हाळा गेला, सासऱ्याचा शब्द गेला, ग्रुपवर रोज त्याच्या पोराला शाब्बासकी द्यायची. उरले होते काय, तर स्वतःच्या हाताने केलेले हे काम. तेही त्याच्याच हातात नेऊन द्यायचे?

कामिनीने नवऱ्याचे तोंड पाहिले आणि पाण्याचा गिलास पुढे ठेवला. "काय झालं सांगा."

त्याने सांगितले.

"मग रोहितले फोन लावा ना."

"नको."

"काहून नको? त्याने काय घोडं मारलं तुमचं?"

"त्याने काही नाही मारलं. तेच तर!"

"चांगल्या माणसाचं तुम्हाले एवढं काहून झोंबते, मले अजून समजलं नाही," कामिनी म्हणाली आणि आत गेली. आत जाऊन तिने बहिणीला फोन केला. हे सुशीलला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता समजले, जेव्हा रोहितची गाडी दारात उभी राहिली.

"दादा, मले सांगाचं ना!" रोहित चप्पल काढता काढता म्हणाला. "आठवडाभर एकटेच डोकं फोडून राहिले तुम्ही. ह्या एररने मले एकदा चार दिवस रडवलं होतं."

सुशीलला वाटले, हे खोटे असावे. धीर द्यायला रचलेले. आणि खरे असले तर अधिकच वाईट, कारण चारच दिवस. त्याने लॅपटॉप उघडून पुढे सरकवला आणि स्वतः थोडा मागे सरकून बसला. रोहितने काय काय तपासले ते विचारले. सुशीलने पाच दिवसांचे पाच टप्पे तारीखवार सांगितले आणि पेन्सिलची रेघ असलेला कागद ठेवला.

"सगळं बरोबर केलं तुम्ही," रोहित म्हणाला. "मी पण हेच केलं असतं. एकदा चालवून दाखवा."

सुशीलने काम सोडले. दोन मिनिटे गेली. लाल अक्षरे आली. रोहित पुढे वाकला, वाचू लागला, आणि एका जागी थांबला. त्याने तिथे बोट ठेवले. मग सुशीलकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर असे काही आले होते जे सुशीलने आधी कधी पाहिले नव्हते.

"दादा," तो हळू म्हणाला, "तुम्ही आदित्यचं नाव दिलं?"

"काय?"

"हे काय, आदित्यहिशोब. तुम्ही तुमच्या प्रोग्रामले आदित्यचं नाव दिलं, अन् आम्हाले सांगितलंही नाही!"

सुशीलने पाहिले. आठवडाभर ज्या ओळीवर त्याचे डोळे फिरले होते ती ओळ त्याने आता पहिल्यांदा अक्षर अक्षर करून वाचली. अडत्या आणि आदित्य इंग्रजीत लिहिले की दोघांत एकाच अक्षराचा फरक राहतो. ए च्या जागी आय. कागदावरच्या यादीत ए होता. लाल ओळीत आय होता. आणि मग त्याला सगळे दिसले : डगमगणारे स्टूल, ड्रिलची घरघर, एका अंगठ्याने टाइप केलेले नाव. फोनला अडत्या हा शब्द ठाऊक नव्हता. शंभर वेळा शाब्बासकी लिहून त्याला आदित्य मात्र पाठ झाला होता. त्याने आपल्या मनाने चूक दुरुस्त केली होती. टेबलावरच्या संगणकावर सुशीलने स्वतः दहा बोटांनी टाइप केलेली जुनी फाइल होती. म्हणून तिथे काम चालत होते. पाचही भाड्याचे संगणक फोनवरून बदललेली फाइल वाचून इमानेइतबारे आदित्यला हाका मारत होते, आणि आदित्य नावाचा कोणी गठ्ठ्यात नव्हता.

रोहितने तोवर वैभवीला फोन लावला होता. "अवं, ऐक ना. दादांनी एवढ्या मोठ्या कामाले आपल्या आदित्यचं नाव ठेवलं... हो, खरंच. समोर दिसून राहिलं मले." पलीकडून वैभवीचा आनंद इथपर्यंत ऐकू आला. कामिनी चहा घेऊन आली ती दारातच थांबली. नवऱ्याकडे तिने असे पाहिले, जसे गेल्या कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"चूक एकदम सोपी आहे," फोन ठेवून रोहित म्हणाला. "क्लासच्या फाइलचं नाव जुनंच राहिलं, इथं आदित्य केलं. आता क्लासचंच नाव बदलून आदित्य करून टाकू. पाच मिनिटांत चालते."

त्याचे बोट त्या नावावर जाऊन टेकले. एक बटण दाबायचे होते.

सुशीलला काहीच करावे लागणार नव्हते. नुसते गप्प राहिले की काम होणार होते. वर साडू, मेहुणी, बायको, उद्या सासरेसुद्धा त्याला मोठ्या मनाचा म्हणणार होते. फुकटात मिळालेले एवढे मोठेपण कोण सोडतो? पण पडद्यावरच्या त्या नावाकडे त्याने पाहिले आणि त्याच्या डोळ्यांसमोर पुढची वर्षे आली. रोज सकाळी काम सुरू होणार, आणि त्याच्या हमालीच्या नि तोलाईच्या शेजारी, त्याच्या कळमन्याच्या गादीवर, रोहितचा पोरगा मेडल घालून बसलेला असणार.

"थांब," तो म्हणाला. "ते आदित्य नाही. अडत्या आहे."

"काय आहे?"

"अडत्या. फोनने बदललं ते. माझी चूक. मी नाव कोणाचंच दिलं नाही."

रोहितचे बोट उचलले गेले. "अडत्या म्हणजे?" त्याने विचारले. तो रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. कळमन्याला आंबे घ्यायलासुद्धा कधी गेला नव्हता. सुशीलने त्याला अडत्या कोण ते सांगितले, अडत कशी कापतात ते सांगितले, जरा जास्तच सविस्तर सांगितले. बारा वर्षांत पहिल्यांदा रोहितला एखादी गोष्ट ठाऊक नव्हती आणि सुशीलला होती. पण ज्याची इतकी वर्षे वाट पाहिली त्या गोष्टीला चवच नव्हती. रोहित मान डोलावत ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचे ते मघाचे काही हळूहळू मावळत होते.

मग तो हसला. हसला खरा, पण किंचित उशिरा.

"बाप रे! अन् मी वैभवीले फोनही केला. पोपट झाला माझा!"

सुशीलने सेटिंगची फाइल उघडली आणि दहा बोटांनी, एकेक अक्षर पाहत, आय खोडून ए टाइप केला. काम सोडले. लाल अक्षरे आली नाहीत. अर्ध्या तासाने मात्र एक सूचना आली : भाड्याच्या संगणकांचे आगाऊ भरलेले पैसे संपत आले आहेत, काम बंद पडेल. आठवडाभराच्या फसलेल्या खेपांनी ते खाल्ले होते. देवराव लग्नाला रामटेकला गेलेले, फोन लागेना. सुशील बँकेचे कार्ड शोधायला आत गेला. तो बाहेर येईपर्यंत रोहितने आपल्या फोनवरून ६४० रुपये भरून टाकले होते.

"राहू द्या हो दादा, काम थांबेल नाहीतर."

तीन वाजून चाळीस मिनिटांनी अहवाल तयार झाला. रोहित त्याच्या आधीच, जेवायला न थांबता, आदित्यचा कसला तरी क्लास आहे म्हणून निघून गेला होता.

"राहू द्याचं होतं ते नाव," भांडी घासता घासता कामिनी म्हणाली. "काय बिघडलं असतं?"

"माझं काम आहे ते."

"अन् ते लेकरू कोण आहे तुमचं?"

सुशील घासलेली भांडी पुसून ठेवायला लागला. त्याच्या मनात त्या वेळी भलतेच चालले होते. एसीबद्दल, पगाराबद्दल, मेडलबद्दल जे वाटायचे ते सगळे त्याला आता किरकोळ वाटत होते. हा माणूस एका चुकीच्या अक्षराने एवढा सुखावू शकतो, याचा त्याला हेवा वाटत होता. आपल्या नावाने कोणी काशीला घाटाची पायरी बांधली असती तरी आपण आधी दगड मोजले असते, हे त्याला ठाऊक होते.

सोमवारी अकराच्या आत अहवाल गेला. संघटनेचे काम कंपनीकडेच राहिले. दुपारी देवरावांनी पैसे भरल्याची पावती पाहिली, तिच्यावर नाव रोहित बुटे होते. "म्हणजे शेवटी साडूच कामी आले ना?" ते म्हणाले.

"एका अक्षराची चूक होती. माझीच. दुरुस्तही मीच केली."

"हो गा. पण दिसली त्याईले." देवराव हसून पुढे गेले.

मार्चच्या पगारात त्यांनी ते ६४० रुपये, रोहितला द्यायचे म्हणून, वेगळे दाखवून सुशीलला जोडून दिले. एप्रिल गेला, मे गेला. दोघे साडू नंदनवनात तीन वेळा भेटले. रोहितचे ६४० रुपये सुशीलकडून अजून येणे आहेत.